दोन कंत्राटांमधल्या महिन्यांचा हिशोब मागणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
उमेदवारांची पार्श्वभूमी तपासणाऱ्या संस्था आणि त्यांच्या अहवालावर निर्णय घेणारे मनुष्यबळ विभाग यांना

स. न. वि. वि.

मी कंत्राटावर डेटा मायग्रेशनचं काम करते. जुन्या सिस्टिममधली माहिती नव्या सिस्टिममध्ये आणायची, एकेक रक्कम आणि एकेक तारीख जुळते का ते पाहायचं, नवी सिस्टिम स्थिरावेपर्यंत थांबायचं आणि निघायचं. हे काम संपणारं असतं. ते संपणार आहे म्हणूनच कंपन्या कायमचा माणूस न घेता माझ्यासारखीला बोलावतात. एक काम संपलं की दुसरं लगेच मिळतंच असं नाही. कधी महिना जातो, कधी तीन, मंदी असेल तर त्याहून जास्त.

अलीकडे एका कंपनीशी बोलणं पक्कं झालं. मुलाखती झाल्या, दर ठरला, रुजू व्हायची तारीखही ठरली. मग तपासणीचा फॉर्म आला. त्यात गेल्या सात वर्षांतला तीस दिवसांपेक्षा मोठा प्रत्येक गॅप, म्हणजे काम नसलेला काळ, त्याचं कारण आणि त्या कारणाचा कागदोपत्री पुरावा मागितला होता. विचारल्यावर कळलं की हा नियम यंदापासून सगळ्यांना सरसकट लावला आहे, कायम आणि कंत्राटी असा फरक ठेवलेला नाही. एका गॅपपुढे मी लिहिलं, ‘वडील आजारी होते, त्यांची शुश्रूषा करत होते.’ फॉर्म ‘इनसफिशियंट’, म्हणजे माहिती अपुरी, म्हणून परत आला. वडिलांच्या रुग्णालयाचे कागद जोडा, असा निरोप होता. मी जोडले नाहीत, आणि का जोडणार नाही तेही लिहून कळवलं. अहवालावर अंबर, म्हणजे हिरवा आणि लाल यांच्यामधला, शंकेचा शेरा पडला. काम दुसऱ्या कुणाला तरी मिळालं.

त्या कामासाठी हे पत्र नाही. तिथे आता दुसरं कुणी काम करतंय, त्याचं चांगलं होवो. पण असले नियम एकीकडून दुसरीकडे उचलले जातात, आणि ज्यांचं पोट कंत्राटांवर आहे अशा असंख्य माणसांना ते मुकाट्याने पाळावे लागतात. पुढचं काम हातचं जाईल या भीतीने कुणी बोलत नाही. म्हणून मी उघडपणे लिहिते आहे.

तपासणी हवीच, हे मला मान्य आहे. आम्हाला पहिल्याच आठवड्यात ग्राहकांची खाती, पगाराचे तक्ते, पासवर्ड यांच्यापर्यंत पोहोच मिळते. एखाद्याने मधल्या काळात झालेली हकालपट्टी लपवली असेल, पदवी खोटी असेल, प्रतिस्पर्ध्याकडे काम करत असताना ते सांगितलं नसेल, तर ते कळायला हवं. कामाच्या इतिहासातला न सांगितलेला काळ तपासणाऱ्याला खटकतो, यातही गैर काही नाही. माझं म्हणणं एवढंच आहे: मी जे सांगितलं ते खरं आहे की नाही, हे तपासणं तुमचं काम आहे. काम नसलेल्या महिन्यांत मी कशी जगले, याचा न्याय करणं तुमचं काम नाही. गेल्या काही वर्षांत या दोन्ही गोष्टी तुम्ही एकाच फॉर्ममध्ये कालवून टाकल्या आहेत.

जिथे खरोखर जोखीम आहे तिथले नियम पाहा. ब्रिटनमध्ये सरकारी कामावर येणाऱ्यांना, त्यात कंत्राटी माणसंही आली, बीपीएसएस ही प्राथमिक तपासणी लागते. ती कामाचा ३ वर्षांचा इतिहास पाहते. तिथलंच बीएस ७८५८ हे मानक सुरक्षा क्षेत्रातल्या जागांसाठी आहे. ते ५ वर्षं मागे जातं आणि ३१ दिवसांहून मोठ्या गॅपचा हिशोब मागतं. अमेरिकेत राष्ट्रीय सुरक्षेशी संबंधित पदांसाठी एसएफ-८६ नावाचा फॉर्म भरावा लागतो. तो १० वर्षांचा हिशोब मागतो, बेरोजगारीचे महिनेही त्यात लिहावे लागतात. पण त्या महिन्यांसाठी तो फॉर्म काय मागतो? त्या काळात तुम्ही काय करत होता याची खात्री देऊ शकेल अशा एका व्यक्तीचं नाव आणि संपर्क. देशाची गुपितं हाताळणाऱ्या माणसाचा फॉर्म एका ओळखीच्या माणसाच्या नावापासून सुरुवात करतो, आणि बिलांचा डेटा हलवणाऱ्या बाईकडे तुम्ही थेट तिच्या बापाचे उपचाराचे कागद मागता. एकतीस दिवसांची अट सुरक्षा क्षेत्रातल्या जागांसाठी लिहिली गेली होती. ती तुम्ही तिथून उचलली असेल तर ज्या जोखमीसाठी ती आहे तेही पाहायला हवं होतं.

आता तक्रारी.

पहिली तक्रार तुमच्या फॉर्मबद्दल. कंपनीचं नाव, पद, एम्प्लॉयी आयडी, रुजू झाल्याची तारीख, रिलिव्हिंग लेटर असे त्याचे रकाने आहेत. यातलं अर्ध्याहून अधिक आमच्याकडे नसतं. मला काम एक एजन्सी देते, ती एजन्सी मोठ्या व्हेंडरखाली असते, व्हेंडरचा करार क्लायंटशी असतो आणि मी बसते क्लायंटकडे. मग ‘कंपनी’च्या रकान्यात कुणाचं नाव लिहायचं? क्लायंटचं लिहिलं तर ते म्हणतात, ही आमची कर्मचारी नव्हतीच, आणि ते खरंही असतं. एजन्सीचं लिहिलं तर ती फक्त तारखा कळवते, त्याही करारावरच्या. प्रत्यक्ष काम त्याआधी संपलेलं असतं किंवा मुदतवाढ मिळून पुढे गेलेलं असतं. करारावरची तारीख, शेवटच्या टाइमशीटची तारीख आणि शेवटच्या इनव्हॉइसची तारीख या तिन्ही वेगळ्या, तिन्ही खऱ्या. तुमच्या सॉफ्टवेअरला मात्र एकच तारीख घ्यायची असते, आणि उरलेल्या दोन ‘डिस्क्रिपन्सी’, म्हणजे तफावत, म्हणून लाल होतात. एकाच वेळी दोन छोटी कामं केली असतील तर आणखी पंचाईत. दोन्ही क्लायंटना ते ठाऊक होतं आणि करारात मुभा होती, तरी त्यावर ‘ओव्हरलॅप’ असा शेरा येतो. रिकामा महिना असला तरी संशय, दोन कामांचा महिना असला तरी संशय.

दुसरी तक्रार मला सगळ्यात जिव्हारी लागते, आणि तिच्याबद्दल कुणीच बोलत नाही. आमचे बरेचसे गॅप तुम्हीच तयार करता. काम पक्कं झालं की क्लायंट सांगतो, तपासणी पूर्ण झाल्याशिवाय रुजू होता येणार नाही. तपासणीला काही आठवडे लागतात. आधीचा एचआर फोन उचलत नाही, जुन्या एजन्सीचा ईमेल बंद पडलेला असतो, विद्यापीठाचं उत्तर येत नाही, आणि प्रत्येक वेळी तुमची मुदत पुढे जाते. या काळात मला कुणी पैसे देत नाही. दुसरं काम घेताही येत नाही, कारण मी या कामाला शब्द दिलेला असतो. बऱ्याचदा अहवाल हिरवा येईपर्यंत क्लायंटचं बजेट बदलतं आणि काम रद्द होतं. पुढच्या कामाच्या वेळी तुमच्यापैकीच दुसरी संस्था विचारते, या दोन महिन्यांत काय करत होता? खरं उत्तर असतं, ‘तुमच्या तपासणीची वाट पाहत होते.’ याला पुरावा कुठला जोडायचा? कायम नोकरीतला माणूस जुन्या नोकरीचा नोटीस पीरियड भरताना तपासणी उरकून घेतो, त्याचा पगार चालू असतो. आमच्या वेळेची किंमत पूर्णपणे आम्ही चुकवतो, आणि वर तोच वेळ आमच्याविरुद्ध पुरावा म्हणून उभा राहतो. पुन्हा प्रत्येक क्लायंटसाठी सगळं पहिल्यापासून. माझी तीच पदवी, तेच जुने करार किती संस्थांनी तपासले असतील! पदवी काही दर वर्षी बदलत नाही.

तिसरी तक्रार खासगी आयुष्याबद्दल. माझ्या वडिलांचे रुग्णालयाचे कागद मी दिले नाहीत, कारण ते माझे नाहीतच. त्यात त्यांच्या शरीराचं, त्यांच्या दुखण्याचं वर्णन आहे. त्यांनी तुमच्या फॉर्मवर सही केलेली नाही. माझ्या ओळखीत एकीने गर्भपातानंतर काही महिने काम घेतलं नव्हतं. तिने फॉर्मवर ‘वैयक्तिक कारण’ लिहिलं. ते चालत नाही म्हटल्यावर ‘आरोग्य’ लिहिलं, तेही चालेना म्हटल्यावर तिला डिस्चार्ज समरी अपलोड करावी लागली. ती कुठल्या सर्व्हरवर आहे, कुणी वाचली, कधी पुसली जाणार, हे तिला आजपर्यंत कुणी सांगितलेलं नाही. मानसिक आजारातून उठलेला माणूस हे तुम्हाला सांगेल? व्यसनमुक्ती केंद्रात राहून आलेला? घर सोडून पळालेली बाई?

युरोपात २५ मे २०१८ पासून लागू झालेल्या माहिती संरक्षण नियमात, म्हणजे जीडीपीआरमध्ये, आरोग्याची माहिती विशेष संरक्षणाची मानली आहे, आणि हेतूसाठी लागेल तेवढीच माहिती घ्यावी असं बंधन आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९९७ चा करार क्रमांक १८१ खासगी रोजगार एजन्सींसाठी आहे. त्याचं सहावं कलम सांगतं की कामगाराच्या माहितीचा वापर त्याची पात्रता, कामाचा अनुभव आणि त्याच्याशी थेट संबंधित गोष्टींपुरताच असावा. हे कलम सगळ्या देशांना बांधत नाही आणि तुमच्या प्रत्येकाला लागूही होत नसेल. तरी मला सांगा, वडिलांच्या उपचारांचा तपशील माझ्या अनुभवाशी थेट संबंधित कसा? तुम्ही म्हणाल, उमेदवाराची संमती असते. संमतीच्या चौकटीत टिक केल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नाही आणि फॉर्म सरकल्याशिवाय पोटाला काम मिळत नाही. तिला मुक्त संमती म्हणता येणार नाही. श्रम संघटनेने १९९७ सालीच कामगारांच्या वैयक्तिक माहितीबद्दल आचारसंहिता प्रसिद्ध केली. ती नोकरीसाठी अर्ज करणाऱ्यालाही कामगारच धरते आणि सांगते की खासगीपणाचा हक्क कामगाराला सोडून देता येत नाही. ती बंधनकारक नाही. पण चांगलं वागायला बंधनच लागतं असं थोडंच आहे.

चौथी तक्रार अहवालाच्या भाषेबद्दल. जुनी एजन्सी बंद पडली, तिचा फोन लागत नाही. तुम्ही लिहिता ‘पडताळणी होऊ शकली नाही’ आणि शेजारी अंबर रंग देता. उमेदवाराने खोटी तारीख दिल्याचं आढळलं, तरी पुष्कळदा तोच रंग. मनुष्यबळ विभागातला माणूस घाईत असतो, तो रंग बघतो. कंपनी बुडाली हा माझा दोष नाही, पण डाग माझ्या नावावर लागतो. आणि तो अहवाल मला दाखवला जात नाही. अमेरिकेत १९७० पासून फेअर क्रेडिट रिपोर्टिंग अ‍ॅक्ट आहे. अहवालावरून नोकरी नाकारायची असेल तर आधी त्या अहवालाची प्रत आणि हक्कांची माहिती उमेदवाराला द्यावी लागते. त्याने हरकत घेतली तर तपासणाऱ्या संस्थेला साधारणपणे ३० दिवसांत पुन्हा शहानिशा करावी लागते. पण तिथेही नोकरीसाठीच्या या तरतुदी स्वतंत्र कंत्राटदाराला लागू होतात की नाही, यावर वाद आहे. काही न्यायालयांनी त्या लागू होत नाहीत असं म्हटलं आहे. म्हणजे तपासणी करताना आम्ही कर्मचाऱ्यांसारखे, आणि हक्क मागताना आम्ही कर्मचारी नाही. हा दुटप्पीपणा कायद्याने मिटेल तेव्हा मिटेल, तुम्हाला तो उद्याही मिटवता येईल.

पाचवी तक्रार. तुमच्या पद्धतीत खरं बोलणारा अडकतो. ज्याने गॅप प्रामाणिकपणे लिहिला त्याच्याकडे कागद मागितले जातात. ज्याने आधीच्या कामाची तारीख दोन महिने पुढे ओढली आणि ओळखीच्या एजन्सीकडून तसं पत्र आणलं, त्याचा अहवाल हिरवा येतो. अनुभवाची अशी पत्रं विकणारे आहेत हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे, ते पकडणं हा तुमचा व्यवसायच आहे. तीस दिवसांची अट आणि प्रत्येक गॅपला कागद, या नियमाने त्यांचंच गिऱ्हाईक वाढतं.

लोक गॅप लपवतात त्यामागे साधी भीती आहे, आणि ती निराधार नाही. अमेरिकेतल्या १०० शहरांत सुमारे १२,००० काल्पनिक अर्ज पाठवून केलेला एक प्रयोग २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. बेकारीचा काळ जितका लांब दाखवला तितकी मुलाखतीची बोलावणी कमी झाली, आणि घसरणीचा मोठा भाग पहिल्या आठ महिन्यांतच होता. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका प्रयोगात तर कामावरून कमी केलेल्या पालकांपेक्षा मुलांसाठी स्वतःहून काम थांबवलेल्या पालकांना कमी बोलावणी आली. म्हणजे ‘घरच्यांची काळजी घेत होते’ हे खरं कारण सांगणं ‘मला काढून टाकलं’ असं सांगण्यापेक्षाही महाग पडतं. घरातलं आजारपण आणि मुलं बहुतेक कुणाच्या अंगावर येतात हे वेगळं सांगायला नको.

सहावी तक्रार छोटी आहे. काही एजन्सी तपासणीचा खर्च आमच्या पहिल्या बिलातून कापतात. करार १८१ चं सातवं कलम खासगी रोजगार एजन्सींना कामगाराकडून प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष शुल्क घेण्यास सर्वसाधारणपणे मनाई करतं. हे थांबवा.

आता मागण्या.

कंत्राटी माणसासाठी वेगळा फॉर्म करा. त्यात एजन्सी, व्हेंडर आणि क्लायंट यांना वेगळे रकाने ठेवा, एकाच वेळच्या दोन कामांना जागा द्या, आणि ‘दोन कंत्राटांमधला काळ’ हे स्वतंत्र, पुरेसं उत्तर म्हणून स्वीकारा. तीन महिन्यांपर्यंतच्या काळाबद्दल प्रश्नच विचारू नका. जिथे त्या जागेच्या जोखमीमुळे किंवा कायद्यामुळे विचारावाच लागतो, तिथे कुठल्या नियमाने विचारता आहात ते फॉर्मवरच लिहा.

मोठ्या गॅपसाठी एका ओळीचं कारण पुरे धरा: शिक्षण, शुश्रूषा, आरोग्य, बाळंतपण, प्रवास, कामाचा शोध, विश्रांती. खात्री हवीच असेल तर त्या काळात ओळखणाऱ्या एका व्यक्तीचं नाव घ्या आणि त्या व्यक्तीला एवढंच विचारा की सांगितलेलं कारण बरोबर आहे का. रुग्णालयाचे कागद कुणाचेही, कधीही मागू नका. आधी घेतलेले असतील तर पुसून टाका आणि पुसल्याचं त्या त्या माणसाला कळवा.

कामाचा पुरावा म्हणून आमच्याकडे जे असतं ते चालवून घ्या. इनव्हॉइस, टाइमशीट, कर विवरणपत्र, रकमा झाकलेला बँकेचा उतारा, हिशोबनिसाचं पत्र. क्लायंटचं नाव गोपनीयतेच्या कराराखाली असेल तर ते मागण्याचा हट्ट धरू नका. करार मोडून माहिती देणारा माणूस उद्या तुमच्या क्लायंटचीही माहिती देईल.

‘पडताळणी होऊ शकली नाही’ आणि ‘माहिती चुकीची आढळली’ या दोन निष्कर्षांना कधीही एक रंग देऊ नका. अहवाल क्लायंटकडे जाण्याआधी आम्हाला दाखवा, उत्तर द्यायला निदान पाच कामाचे दिवस द्या, आणि ते उत्तर वाचणाऱ्या माणसाचं नाव व फोन नंबर द्या. केवळ सॉफ्टवेअरने दिलेल्या शेऱ्यावरून कुणाचं काम काढून घेऊ नका.

एकदा तपासलेली पदवी आणि संपलेली कंत्राटं पुन्हा तपासू नका. आमच्या संमतीने तो अहवाल ठरावीक मुदतीपर्यंत दुसऱ्या क्लायंटला चालेल अशी सोय तुम्ही आपापसांत करा. हे अवघड नाही, तुम्ही मोजकेच मोठे आहात.

मनुष्यबळ विभागांना माझी वेगळी मागणी आहे. तपासणी किती दिवसांत संपेल ते कंत्राटात लिहा. मुदत उमेदवाराच्या चुकीशिवाय उलटली तर त्याला मर्यादित अ‍ॅक्सेसवर रुजू करून घ्या, नाहीतर वाट पाहायला लावलेल्या दिवसांचे पैसे द्या. आणि तपासणीमुळे गेलेला काळ किती, हे एका पत्रावर लिहून द्या, म्हणजे पुढच्या फॉर्मला जोडायला आमच्याकडे निदान तो कागद असेल. ही शेवटची गोष्ट करायला तुम्हाला कुठलाही नवा नियम लागत नाही, एका ईमेलमध्ये होते.

यातलं काय मान्य आहे आणि काय नाही, ते लेखी कळवा, आणि जे मान्य आहे ते काम देऊ करतानाच्या पहिल्या ईमेलला जोडा. दर ठरण्याआधी, आणि हातचं दुसरं काम आम्ही सोडण्याआधी, ते आमच्या डोळ्यांसमोर असायला हवं.

आपली,
कंत्राटावर काम करणारी एक डेटा मायग्रेशन तज्ज्ञ